नवरी येईपर्यंतचे सत्कार

माणसाच्या खांद्यावर शाल पडते आणि ओंजळीत नारळ येतो, त्या क्षणी समाज त्याच्या जगण्यावर मान्यतेची मोहोर उमटवत असतो. मग ती शाल घरी जाते, कपाटात बसते आणि पुढच्या लग्नसराईत दुसऱ्या कुणाच्या तरी जगण्यावर मोहोर उमटवायला बाहेर पडते. काठाला चहाचा डाग असलेली एक तपकिरी शाल मी तीन तालुक्यांत तीन वेगवेगळ्या खांद्यांवर पाहिली आहे. माझ्याकडे तिचे फोटो आहेत.

मी लग्नाचे फोटो काढतो. नगर-मनमाड रस्त्याला, राहुरीच्या अलीकडे-पलीकडे जी लॉन्स आहेत, त्यांतल्या बहुतेकांची हिरवळ मी तुडवली आहे. म्हणजे हिरवळीवर अंथरलेलं हिरवं कार्पेट तुडवलं आहे. खऱ्या गवताला इजा होऊ नये म्हणून लग्नाच्या दिवशी त्याच्यावर खोटं गवत घालतात. या जिल्ह्यातल्या पुष्कळ लोकांनी माझं तोंड पाहिलेलं नसेल, पण माझी पाठ ते गर्दीतही ओळखतील. अंतरपाट दूर होतो तेव्हा हजारभर माणसांच्या आणि नवरानवरीच्या मध्ये तीच असते. "ओ फोटोवाले, बसा की खाली!" हे मी मंगलाष्टकांचाच एक भाग धरतो.

माझ्या बॅगेत लेन्सांबरोबर एक पुस्तक असतं. पत्रिकेतला मुहूर्त आणि प्रत्यक्ष लग्न यांच्यामध्ये एक प्रकरण आरामात वाचून होतं. हा वेळ जातो कुठे, तर सत्कारात. सरपंच, माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, दूध डेअरीचे चेअरमन. निवेदक नाव पुकारतो, माणूस तिसऱ्या रांगेत बसून "नको नको" करतो, आणि मग आधीच इस्त्री करून ठेवलेल्या चालीने स्टेजकडे येतो. शाल, नारळ, फोटो. हे फोटो पुढे कुणीही मागत नाही, पण एकाचा जरी राहिला तर त्याला तो राहिल्याचं बरोबर कळतं. मी वर्षानुवर्षं या सत्कारांना मनातल्या मनात हसत आलो. गेल्या काही वर्षांत कमी हसतो. त्याला एक लग्न कारण आहे.

मे महिन्यातलं लग्न होतं, भर दुपारच्या मुहूर्ताचं. मुलगी राहुरीजवळच्या एका खेड्यातली, वडील कांदा आणि ऊस करणारे. मुलाचे वडील सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार, पारनेर तालुक्यातले. पत्रिकेत "लग्न वेळेवर लागेल" ही ओळ त्यांनी लाल शाईत छापून घेतली होती. ही ओळ सगळ्याच पत्रिकांत असते आणि ती कुणी वाचत नाही. सुभेदारांनी मात्र ती मनापासून छापली होती. साखरपुड्यात मी त्यांना पाहिलं होतं. पाहुणे जेवायला बसायच्या आधी ते पंगतीच्या रांगा सरळ करून घेत होते.

मी सकाळी लॉनवर पोहोचलो आणि रिवाजाप्रमाणे आधी नवरीच्या खोलीकडे गेलो. तयारीचे फोटो हल्ली सगळ्यांना हवे असतात: आरशात बघताना, कानात झुमका घालताना, आणि खिडकीतून बाहेर कशाकडे तरी बघताना, जिथे बहुधा जनरेटर असतो. दार नवरीच्या आत्याने उघडलं. सगळ्या घराला धाकात ठेवणारी ठसठशीत बाई.

"आत ये. दार लाव आधी."

पलंगावर शालू पसरलेला. शेजारी दागिन्यांचा डबा, हिरवा चुडा. मेकअपवाली कोपऱ्यात खुर्चीवर बसून मोबाईल बघत होती.

"नवरी कुठाय?" मी विचारलं.

"न्हाई."

"न्हाई म्हणजे?"

"ग्राउंडला गेली. तू तवर शालूचे फोटू काढ."

मी शालूचे फोटो काढले. पंधरा मिनिटांत शालूचं जे काही सांगण्यासारखं होतं ते संपलं. मग नवरीच्या वडिलांनी मला पाण्याच्या टाकीमागे नेलं. कमी बोलणारा माणूस. डोक्यावर फेटा बांधलेला, पण त्याचं शेपूट गडबडीत दोनदा खिशात गेलेलं.

मुलगी दोन वर्षं पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे उठून मुळा कालव्याच्या कडेने पळायची. आदल्या भरतीत दोन मार्कांनी राहिली होती. यंदा मैदानी चाचणी लग्नाच्या आधीच व्हायची होती, पण अवकाळी पावसाने मैदानाचा चिखल केला आणि तिच्या तुकडीची तारीख पुढे गेली ती नेमकी लग्नाच्या सकाळवर. पहाटेच तिचा मामा तिला गाडीत घालून नगरला घेऊन गेला होता. पळणं आणि गोळाफेक उरकून मुहूर्तापर्यंत परत यायचं, असा बेत होता. नवऱ्या मुलाला हे माहीत होतं. त्यानेच फोनवर तिला "जा तू, इकडचं बघू" म्हणून सांगितलं होतं. सुभेदारांना मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

"का नाही सांगितलं?"

"ते म्हनले असते, येक तर लग्न, न्हाईतर भरती. येकदा म्हनले असते तर मागं घेनारा मानूस न्हाई तो."

"आणि मुहूर्तापर्यंत नाही आली तर?"

त्यांनी हातातला कागदी कप चुरगळला. "औंदा आठशे मीटर लई चांगलं बसलंय तिचं," ते म्हणाले. 

ही गोष्ट आणखी एकाच माणसाला सांगावी लागली. निवेदकाला. काळं जाकीट, मे महिन्यातही. आवाजाला एक कंप होता, तो त्याने साउंडवाल्याकडून वाढवून घेतलेला. त्याच्या तोंडच्या चारोळ्या ऐकून मी अनेकदा स्टेजवरून उतरून जनरेटरजवळ जाऊन उभा राहिलो आहे. वडिलांनी त्याला सगळं सांगितलं.  मग त्याने, चारोळी न म्हणता, विचारलं, "सत्कार किती धरलेत?"

"अकरा."

"शाली किती आहेत?"

"चाळीसेक हायेत. आहेराच्या धरून."

"मग तुम्ही निवांत बसा, दादा."

नवरदेव घोड्यावरून आला, बँड वाजला, सुभेदारांनी बँडलाही वेळेत थांबवलं. मुहूर्ताला थोडा अवकाश असताना सगळे स्थिरस्थावर झाले आणि सत्कार सुरू झाले. पहिले अकरा नेहमीचे होते. मी नेहमीसारखा कंटाळलो. बाराव्याला मी डोकं वर केलं.

बारावे होते भावी सरपंच. आमच्याकडे हे पद असतं, त्याला निवडणूक लागत नाही. निवेदकाने नाव न घेता "गावाचे भावी सरपंच" एवढंच पुकारलं आणि मंडपातून दोन माणसं एकदम उठली. दोघे एकाच गावचे. मग निवेदकाने दोघांनाही वर घेतलं, दोघांच्या कार्यकर्त्यांना टाळ्या वाजवू दिल्या, दोघांना एकमेकांच्या खांद्यावर शाल घालायला लावली. एकाने घातली, दुसरा अडला, दुसऱ्याच्या मेव्हण्याला वर बोलवावं लागलं. या एका सत्कारात जेवढा वेळ गेला तेवढ्यात एरवी लग्न लागून लोक जेवायला बसतात.

नवरीची आत्या नवरीच्या खोलीच्या पायरीवर मोबाईल कानाला लावून उभी होती. मामा मैदानाच्या तारेच्या कुंपणाबाहेरून तिला खबर देत होता. स्टेजवरून तिच्यापर्यंत आवाज पोहोचत नव्हता, म्हणून ती खुणा करायची, आणि लांबची लेन्स फक्त माझ्याकडे असल्यामुळे त्या खुणा वाचण्याचं काम माझ्याकडे आलं. आधी तिने दोन बोटं चालवून दाखवली आणि मान हलवली. पळणं अजून व्हायचंय. मी वडिलांच्या कानात सांगितलं. वडिलांनी निवेदकाकडे पाहिलं. निवेदकाने घसा साफ केला.

मग सेवानिवृत्त शिक्षक आले. मग जावई. आमच्या भागात जावयाचा सत्कार एकट्याचा करता येत नाही, एकाचा केला की सगळे करावे लागतात, नाहीतर जन्मभर ऐकावं लागतं. एरवी हुशार निवेदक जावयांचा विषयच काढत नाहीत. याने तो काढला, आणि थोरल्यापासून काढला. त्यानंतर, "भाव पडलेला असताना ज्यांनी कांदा चाळीत ठेवण्याचं धाडस दाखवलं" अशा बागायतदारांचा सत्कार झाला. टाळ्या पडल्या, आणि त्या खऱ्या होत्या.

सुभेदार पहिल्या रांगेत घड्याळ बघत होते. शेवटी ते उठले आणि स्टेजच्या पायरीशी येऊन नवरीच्या वडिलांना म्हणाले, "व्याही, हे काय चाललंय? लग्न लावायचंय का इलेक्शन लढवायचंय?"

मंडपात हशा पिकला. वडिलांच्या कपाळावरचा घाम मला लेन्सशिवाय दिसला. पण ते काही बोलायच्या आत निवेदकाचा आवाज खाली उतरला, कंपाशिवाय, साधा.

"आता यानंतर, ज्यांनी ऐन उमेदीची वर्षं बर्फात उभं राहून काढली, त्या माजी सैनिकांचा सत्कार. सुरुवात आपल्या वरपित्यापासून."

सुभेदार जागच्या जागी ताठ झाले. मग एकेक करून मंडपाच्या कानाकोपऱ्यातून माणसं उठायला लागली. आमच्या खेड्यांत सैन्यातून आलेले पुष्कळ असतात, लग्नाच्या गर्दीत ते आपल्याला कळत नाहीत. पांढऱ्या टोपीतला एक म्हातारा काठी टाकून रांगेत उभा राहिला. सुभेदारांनी रांग सरळ करून घेतली. घड्याळाकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. मी एरवी सत्काराचा एकच फोटो घेतो. त्या रांगेचे मी पुष्कळ घेतले, आणि तो म्हातारा सॅल्यूट करताना थोडा हललेला आहे तोही ठेवला आहे.

आत्याने खोलीच्या पायरीवरून उजवा हात मानेशी नेला आणि पुढे ढकलला. गोळा. शेजारून जाणाऱ्या एका बाईला वाटलं, आत्या कुणाची तरी दृष्ट काढतेय, तिनेही हात जोडले.

"पळून झालं, गोळा राहिलाय," मी वडिलांना सांगितलं.

"किती टायमिंग?"

"ते खुणेने नाही सांगता येत."

तिकडे गुरुजी उठून उभे राहिले. त्यांना केडगावला दुसरं लग्न होतं आणि केडगाव नगरच्याही पलीकडे. "मला निघावं लागेल," ते म्हणाले, "तिकडे लोक खोळंबलेत." निवेदकाने त्यांना शाल घातली आणि विनंती केली की विवाहसंस्काराच्या महत्त्वावर त्यांनी दोन शब्द बोलावेत. मला वाटतं, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं. गुरुजींनी माइक घेतला आणि गृहस्थाश्रमापासून सुरुवात केली. केडगाव ते विसरले. बोलले मात्र छान. लोकांनी ऐकलं, हे मी अशा ठिकाणी क्वचित पाहिलं आहे.

आत्या आता स्टेजजवळ येऊन उभी होती. "निघाले," ती भावाला हळूच म्हणाली. "पन वाटंत विळदला ट्रकांची रांग हाय म्हनं." मग तिच्या पोटातलं ओठावर आलं. "दादा, बाया विचारायल्यात नवरी का दिसत न्हाई. उद्या लोक म्हनतील, नवरी पळाली."

"मग खोटं काय म्हनतील?" वडील म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं एकमेव विनोदी वाक्य. ते त्यांनी हसता केलं की न हसता, हे मला ठरवता आलं नाही.

शाली संपत आल्या होत्या. बँडच्या मास्तरला एक गेली. आचाऱ्याला बोलावलं, तो हातातला झारा घेऊनच वर आला आणि झाऱ्यासकट सत्कार घेऊन गेला. निवेदकाने टेबलाकडे पाहिलं. एक शाल आणि एक नारळ उरला होता. त्याने मंडपावर नजर फिरवली, आता सत्कार व्हायचा राहिलेला माणूस शोधणं सोपं नव्हतं. मग त्याची नजर माझ्यावर आली.

"आणि ज्यांच्यावाचून आजचा हा सोहळा उद्या कुणाला दिसणार नाही..."

मी मान हलवून नको म्हणालो. नको म्हणताना मला कळलं की मी तंतोतंत तिसऱ्या रांगेतल्या माणसासारखा दिसत असणार. वडिलांनी माझ्या खांद्यावर शाल घातली. माझ्या हातात नारळ आला. मंडपाकडे मी पहिल्यांदा पाठ नव्हे, तोंड करून उभा होतो. टाळ्या पडल्या. शपथेवर सांगतो, बरं वाटलं. त्या सत्काराचा फोटो नाही, कारण फोटो काढणारा माणूस सत्कार घेत होता.

तेवढ्यात भटारखान्यामागच्या फाटकातून मामाची गाडी आत आली.

ती ट्रॅक पँटमध्ये होती, गुडघ्याला माती, हातभर मेंदी. खोलीत मला एकच मिनिट मिळालं. मेकअपवालीने छोटा पंखा तिच्या तोंडासमोर धरला होता, आत्या एका बाजूने चुडा चढवत होती आणि दुसऱ्या बाजूने विचारत होती, "पानी प्याली का? काय खाल्लं का? पडली न्हाईस ना?" एरवी सकाळभर चालणारं काम त्या दोघींनी असं उरकलं की मी कॅमेरा खाली करून बघत राहिलो. "गालाला काही लावत नाही," मेकअपवाली म्हणाली, "असा रंग माझ्या डब्यात नाही."

मामाने तिला स्टेजवर आणलं. आमच्यात मंगलाष्टकं चालू असताना मामा नवरीच्या पाठीशी उभा राहतो. बाकीचे मामा त्यासाठी नवा सदरा घालतात. याच्या पाठीवर घामाचा नकाशा होता आणि चप्पल गाडीत राहिली होती. मंगलाष्टकं झाली, अंतरपाट दूर झाला, मी हजार माणसांच्या आड उभा राहिलो, मला चार शिव्या पडल्या. मुहूर्त उलटून तासभर झाला होता. पाहुण्यांपैकी कुणालाच त्यात काही वेगळं वाटलं नाही.

मग नवी जोडी पाया पडायला लागली. ती सुभेदारांच्या पायाशी वाकली, त्यांनी तिला हाताला धरून उठवलं, आणि चुडा मनगटाकडे घसरला. कोपराच्या खाली, जिथे मेंदी संपते तिथे, निळ्या मार्करने लिहिलेला उमेदवाराचा नंबर होता. तो पुसायचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

सुभेदारांनी हात सोडला नाही. नंबर वाचला. वडिलांचा चेहरा त्या क्षणी कसा झाला होता ते माझ्याकडे आहे, पण मी तो अल्बममध्ये घातला नाही.

"आज होतं ग्राउंड?" सुभेदारांनी विचारलं.

"हो, आप्पा."

"आठशे किती?"

"तीन मिनटांच्या आत आलं."

"गोळा?"

"सहा मीटरच्या पुढं गेला."

त्यांनी मान हलवली, रांग सरळ झाल्यावर हलवत होते तशीच. मग व्याह्यांकडे वळले. आवाज मोठा नव्हता, पण माइक जवळ होता.

"मला आधी सांगायचं न्हाई व्हय? म्या आलो असतो ना ग्राउंडवर. पोरीच्या संगं कुनी जानतं मानूस नको?"

"मी हुतो की," मामा मागून म्हणाला.

"तुमी कुंपनाभायेर हुता." मग निवेदकाकडे बघून, "सकाळपासनं उभ्या मुलखाचा सत्कार केला. हिचा कोन करनार? आना शाल."

निवेदकाने टेबलाकडे पाहिलं. टेबलावर कापूर आणि एक रिकामी पिशवी होती. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग वडिलांनी पाहिलं. मग आत्याने. आत्याने नुसतं पाहिलं नाही, हात पुढे केला.

मी शाल उतरवून दिली.

सुभेदारांनी ती शालूवरून सुनेच्या खांद्यावर घातली आणि ती, भर मे महिन्यात, दोन्ही टोकं घट्ट धरून उभी राहिली. मी फोटो घेतला. त्या दिवशी मी काढलेल्या सत्कारांतला हा एकच असा होता ज्यात सत्कार घेणारा माणूस नको म्हणाला नव्हता. निवेदक माझ्या शेजारी उभा होता. त्याने चारोळी म्हटली नाही. त्याच्याविषयी माझं मत तेव्हा बदललं ते कायमचं, आणि आता त्याच्या चारोळ्यांना मी जनरेटरजवळ जात नाही.

ती निवडली गेली. प्रशिक्षण झालं, आता खाकीत आहे. मागे एकदा सुभेदारांच्या घरी नातवाच्या बारशाचे फोटो काढायला गेलो होतो. भिंतीवर लग्नाचा एकच फोटो लावला आहे, तो शालीचा. हातावरचा नंबर दिसतो. अल्बम करताना मी तो पुसायचा का म्हणून विचारलं होतं, तर सुभेदार म्हणाले होते, "तेवढा राहू द्या."

शाल तिच्याकडेच आहे. नारळ मात्र कुणी परत मागितला नव्हता. तो मी कॅमेऱ्याच्या बॅगेत, पुस्तकाशेजारी ठेवून घरी आणला. दोन दिवस देवापुढे ठेवला, तिसऱ्या दिवशी चटणीसाठी फोडला. नासका निघाला.